चित्रातला पेरू उचलू पाहणारे बाळ

आपला मुलगा सतरा महिन्यांचा आहे. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकातील पेरू तो चिमटीत धरून उचलू पाहतो, पुस्तक उलटे हातात आले तरी त्याला त्याचे काही वाटत नाही, आणि मोबाईलच्या पडद्यावर बकरी दिसली की 'में में' करणारा हा मुलगा गावी अंगणात बांधलेल्या खऱ्या बकरीकडे मात्र अनोळखी नजरेने पाहत राहिला, असे आपण लिहिले आहे. त्यावर घरातील मोठ्यांनी 'एवढ्यात पुस्तके कशाला, त्याला चित्र कळते तरी का' असे म्हटले. चित्रे मुलाला केव्हा आणि कशी कळू लागतात, आणि आपला मुलगा मागे तर पडलेला नाही ना, असे आपण विचारले आहे. बालवाडीतील शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर चित्रवाचनाचे काम करण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. आपला मुलगा मागे पडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

'चित्र कळणे' असे आपण एका दमात म्हणतो खरे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. चित्रात काय आहे हे ओळखणे ही एक गोष्ट. समोर आहे ते चित्र आहे, म्हणजे ती वस्तू नव्हे तर त्या वस्तूविषयी काही सांगणारा कागद आहे, हे उमगणे ही दुसरी. पहिली गोष्ट मुलाला जवळजवळ आयती मिळते. दुसरीला तीन वर्षे लागतात, काही बाबतींत त्याहूनही अधिक, आणि ती मूल एकटे बसून शिकत नाही. कोणाच्या तरी मांडीवर बसून, त्याच्या बोटाकडे आणि तोंडाकडे पाहत शिकते.

पहिली गोष्ट आयती मिळते असे म्हणण्याला आधार आहे. ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे मूल सुमारे एकोणीस महिन्यांचे होईपर्यंत त्याला चित्रांपासून होता होईल तितके दूर ठेवले होते. शब्द त्याला खऱ्या वस्तू आणि खेळणी दाखवूनच शिकवले होते, आणि येताजाता एखादे चित्र नजरेस पडले तरी ते कशाचे आहे हे कोणी त्याला सांगत नव्हते. पुढे त्याच्यासमोर रेखाचित्रे आणि छायाचित्रे ठेवली तेव्हा त्यातील बहुतेक वस्तूंची नावे त्याने बरोबर सांगितली. चित्र 'वाचायला' शिकवण्याचा एकही धडा त्याला मिळालेला नव्हता. याचे कारण समजण्यासारखे आहे. वस्तूची कड कोठे संपते आणि मागची भिंत कोठे सुरू होते, हे वेगळे काढण्याचे काम डोळे आणि मेंदू खऱ्या जगातही अहोरात्र करत असतात, आणि कागदावरची रेषा त्या कडेच्या जागी उभी राहते, एवढेच. म्हणून दोन रेघांचा कावळाही मुलाला काऊ वाटतो. त्यासाठी रंगीत, चकचकीत, महागडे पुस्तक लागत नाही.

मग पेरू उचलण्याचा प्रयत्न का होतो? मूल चित्राला खरी वस्तू समजून फसते, असे वाटणे साहजिक आहे, पण ते तितके सरळ नाही. जन्मून काहीच दिवस झालेली अर्भकेही खरी वस्तू आणि तिचे छायाचित्र यांत फरक करतात आणि खऱ्या वस्तूकडे अधिक वेळ पाहतात, हे प्रयोगांत दिसले आहे. पाच महिन्यांची बाळे आधी पाहिलेली बाहुली छायाचित्रात ओळखतात. म्हणजे फरकही दिसतो आणि साम्यही दिसते. तरीही नऊ महिन्यांचे मूल चित्रातल्या वस्तूवर हात फिरवते, ओरबाडते, चिमटीत धरू पाहते. ज्युडी डीलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे नीट नोंदवले. अमेरिकेतील मुलांइतकेच पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या बेंग लोकांच्या खेड्यांतील, चित्रांचा फारसा वावर नसलेल्या घरांतील मुलांनीही तसेच केले. पुढे वय वाढले तसे हे चाचपणे कमी झाले, आणि एकोणीस महिन्यांच्या मुलांनी त्याच चित्रांकडे बोट दाखवून आवाज काढायला, नावे घ्यायला सुरुवात केली होती.

याचा अर्थ मला असा लागतो की फरक दिसणे आणि त्या फरकाचा अर्थ कळणे या निराळ्या गोष्टी आहेत. कागदावरचा पेरू फुगीर नाही, हे आपल्या मुलाच्या डोळ्यांना दिसते, पण 'दिसते आणि तरी हाती लागत नाही' अशी वस्तू जगात असू शकते, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही, आणि सांगून कळण्यासारखेही नाही. म्हणून तो हातांना विचारतो. दुपट्यावर छापलेले फूल नखाने खरवडून काढू पाहणारी आणि ताटाच्या तळाची नक्षी उचलून तोंडात घालू पाहणारी बाळे आपल्याकडे घरोघरी दिसतात. ती सगळी हीच चौकशी करत असतात. चित्र जितके हुबेहूब तितका हात अधिक पुढे जातो, हेही प्रयोगांत दिसले आहे. रंगीत छायाचित्राला मुले सर्वांत अधिक चाचपतात आणि साध्या रेखाचित्राला सर्वांत कमी. आपल्या पुस्तकातील पेरू बहुधा छायाचित्र असावा. एका कागदावर पेन्सिलीने पेरू काढून त्याच्यापुढे ठेवा आणि हात काय करतो ते पाहा. मात्र त्याला 'अरे, खरा नाही तो' असे पुन्हापुन्हा सांगू नका. सतरा महिने हे मधले वय आहे. एकाच बैठकीत मूल एका चित्रावर बोट ठेवते आणि दुसरे चित्र उचलू पाहते, आणि दोन्ही ठीक आहे.

चाचपणाऱ्या हाताचे बोट दाखवणारा हात कसा होतो, हा या सगळ्यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. मूल बोट दाखवते तेव्हा ते वस्तू मागत नसते. 'तूही हे पाहा' असे दुसऱ्या माणसाला सांगत असते. खऱ्या पेरूचे काय करायचे हे पेरूच शिकवतो, कारण तो चावला की गोड लागतो. चित्रातला पेरू काहीच शिकवत नाही, कारण त्याला वास नाही, चव नाही, तो हलत नाही आणि पडत नाही. त्याचे काय करायचे हे फक्त दुसरे माणूस दाखवू शकते. आजी पुस्तक उघडते, पेरूवर बोट ठेवते, मुलाकडे पाहते, 'हे काय रे?' विचारते, थोडी थांबते, आणि मग स्वतःच 'पेरू!' म्हणते. यात तिने मुलाला फळाचे नाव सांगितले, हे वरवरचे. खरे तर, चित्र ही खाण्याची किंवा पकडण्याची वस्तू नसून दोघांनी मिळून पाहण्याची आणि बोलण्याची वस्तू आहे, हे तिने त्याला दाखवून दिले. हे शेकडो वेळा घडावे लागते. त्यातली ती थोडी थांबण्याची जागा फार महत्त्वाची असते, कारण मुलाला आपले बोट, आपला आवाज घालण्यासाठी तेवढीच जागा मिळते. नव्या सेविकांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते की प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा, मगच बोला.

आता बकरीविषयी. चित्रावर शिकलेले नाव चित्रापुरतेच चिकटून राहते का, ही शंका संशोधकांनाही होती. मेलिसा प्रायस्लर आणि सुसन कॅरी यांनी २००४ मध्ये दीड आणि दोन वर्षांच्या मुलांना त्यांनी कधी न पाहिलेल्या एका वस्तूचे, अंडी घुसळण्याच्या तारेच्या रवीचे, रेखाचित्र दाखवून तिचे नाव शिकवले, आणि मग ते चित्र व खरी रवी शेजारी ठेवून त्या नावाची वस्तू मागितली. मुलांनी खऱ्या रवीकडे हात नेला. नाव कागदावरच्या रेघांचे नसून त्या रेघा ज्या वस्तूच्या आहेत तिचे आहे, हे त्यांनी न सांगता गृहीत धरले होते. पॅट्रिशिया गेनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आणखी लहान, सव्वा आणि दीड वर्षाच्या मुलांबरोबर पुस्तके पाहिली. पुस्तकात शिकलेले नाव ती मुले खऱ्या वस्तूपर्यंत नेऊ शकली, पण चित्र वस्तूसारखे असेल तेव्हा अधिक चांगल्या रीतीने. व्यंगचित्राच्या ढंगाने काढलेल्या चित्रावरून हा पूल ओलांडणे लहान मुलांना जड गेले.

आपल्या मोबाईलवरची बकरी कशी आहे ते मला ठाऊक नाही, पण अशा बहुतेक बकऱ्या गुलाबी गालांच्या, दोन पायांवर नाचणाऱ्या आणि माणसासारख्या हसणाऱ्या असतात. उलट अंगणातील बकरी आपल्या मुलाच्या छातीपर्यंत उंच होती, तिला उग्र वास होता, ती कडेने नव्हे तर थेट समोरून त्याच्याकडे पाहत होती, आणि कदाचित त्या क्षणी ओरडतही नव्हती. त्यामुळे तो गोंधळला यात नवल नाही. शिवाय 'में में' हा शब्द त्याने बकरीला जोडला आहे की त्या चलचित्रातील गाण्याला, हेही पाहावे लागेल. ते पाहण्याचा मार्ग सोपा आहे: मोबाईल बाजूला ठेवून बकरीचे साधे छापील चित्र दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान घडते ते याहूनही विलक्षण आहे, आणि आपला मुलगा त्या वयात येईल तेव्हा आपण ते स्वतः पाहावे अशी माझी इच्छा आहे. एखादे खेळणे खोलीत लपवले आणि ते कोठे लपवले हे मुलाला खोलीच्या छायाचित्रावर बोट ठेवून दाखवले, तर दोन वर्षांचे मूल खोलीत जाऊन इकडेतिकडे भटकते. ते चित्र ओळखते, त्यातील खाट आणि कपाट यांची नावेही सांगते, पण चित्र हे या खोलीविषयीची बातमी आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. अडीच वर्षांचे मूल सरळ जाऊन खेळणे काढून आणते. पण चित्राऐवजी खोलीची लहानशी हुबेहूब प्रतिकृती वापरली तर अडीच वर्षांचे मूलही फसते आणि तीन वर्षांच्या मुलाला ते जमते. डीलोश यांनी १९८७ मध्ये हे प्रसिद्ध केले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले, कारण प्रतिकृती चित्रापेक्षा सोपी असेल असे आपण समजतो. ती अवघड असते, कारण ती स्वतःच एक मोहक वस्तू आहे. भातुकलीतली चूल पाहून तीन वर्षांच्या आतले मूल आधी तिच्याशी खेळणार. ती दुसऱ्या कशाबद्दल तरी काही सांगते आहे, हा विचार खेळण्याच्या ओढीखाली दबून जातो. दीड ते अडीच वर्षांची मुले भातुकलीतल्या बोटभर खुर्चीवर गंभीरपणे बसू पाहतात, तेही याच सुमाराचे. असे प्रसंग डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पद्धतशीर नोंदवले आहेत.

एकाच वस्तूकडे एकाच वेळी दोन प्रकारे पाहायचे, म्हणजे तिला वस्तूही समजायचे आणि दुसऱ्या वस्तूची खूणही समजायचे, ही खरी अडचण आहे. तीच प्रतिकृती काचेमागे ठेवून तिला हात लावू दिला नाही तेव्हा अडीच वर्षांच्या मुलांना खेळणे शोधणे सोपे गेले, आणि तीन वर्षांच्या मुलांना आधी तिच्याशी खेळू दिले तेव्हा त्यांना अवघड गेले, यावरून ही अडचण नेमकी कळते. पुस्तक निवडणाऱ्या पालकांना यातून फार उपयोगाची गोष्ट मिळते. उघडल्यावर उभी राहणारी चित्रे, ओढायच्या पट्ट्या, दाबल्यावर वाजणारी बटणे असलेली पुस्तके मुलांना फार आवडतात, पण त्यांतून नवा शब्द किंवा नवी माहिती शिकणे लहान मुलांना साध्या सपाट पुस्तकापेक्षा कठीण जाते, असे २०१० मधील एका अभ्यासात आढळले. खेळणे म्हणून ती जरूर घ्यावीत. चित्र कळावे म्हणून घ्यायचे पुस्तक मात्र साधे असावे: एका पानावर एक वस्तू, मागे पांढरी किंवा फिकट जागा, आणि रेषा स्पष्ट.

पुस्तक उलटे धरण्याची काळजी तर सोडूनच द्या. दीड वर्षाच्या मुलाला उलटे चित्र सुलट्याइतकेच चालते, आणि अडीच वर्षांचे मूल ते स्वतःहून फिरवून घेते, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. मुलाच्या जगात वस्तू अशाही उलट्यासुलट्या सापडतच असतात; जमिनीवर पडलेला चमचा कोणत्या बाजूने पडला आहे यावरून तो चमचा असण्याचे थांबत नाही. चित्राला वरची आणि खालची बाजू असते हा पुस्तकाचा नियम आहे, आणि तो पुस्तकांच्या सहवासातच कळतो. या निमित्ताने शिक्षिकांना एक सांगावेसे वाटते. मुले गोल बसवून पुस्तक आपल्या मांडीत आडवे ठेवले की समोरच्या मुलांना प्रत्येक चित्र उलटे दिसते. पुस्तक छातीशी उभे धरायची सवय लावावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे दोन-तीनच मुलांना शेजारी घेऊन बसावे.

तीन वर्षांनंतरही सगळे संपत नाही. चित्रातले आइस्क्रीम हाताला थंड लागेल का, असे विचारले तर तीन वर्षांची कित्येक मुले 'हो' म्हणतात. टीव्हीच्या पडद्यावर लाह्यांनी भरलेला वाडगा दिसत असताना टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का, हा प्रश्न जॉन फ्लॅव्हेल यांनी १९९० मध्ये मुलांना विचारला, आणि तीन वर्षांच्या अनेक मुलांनी सांडतील असे सांगितले. चार वर्षांची मुले बहुतेक करून फसली नाहीत. लक्षात घ्या, हीच तीन वर्षांची मुले चित्रातले आइस्क्रीम चाटायला जात नाहीत. त्यांच्या वागण्यात जी समज आली आहे ती अजून बोलण्यात यायची आहे. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला अशा प्रश्नांनी कोंडीत पकडून 'तुला एवढेही कळत नाही' म्हणणे अन्यायाचे आहे.

याच वयात चित्रामागे चित्र काढणारा कोणीतरी आहे, ही जाणीव येते. पॉल ब्लूम आणि लोरी मार्कसन यांनी १९९८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना फुगा आणि काडीवरची गोळी यांची चित्रे काढायला सांगितली. दोन्ही चित्रे दिसायला एकसारखीच, एक गोल आणि खाली एक रेघ. नंतर विचारल्यावर मुलांनी ज्या हेतूने जे चित्र काढले होते तेच नाव त्याला दिले, आणि मोठ्यांनी अदलाबदल केली तर ते मान्य केले नाही. चित्र कशाचे आहे हे केवळ ते कशासारखे दिसते यावरून ठरत नाही, तर कोणाच्या मनात काय होते यावरूनही ठरते, हे त्या मुलांनी आपल्याला दाखवले. तेव्हा आपला मुलगा वर्षा-दोन वर्षांनी गिरगटलेला कागद आणून 'ही आजी' म्हणाला, तर तिला नाक कोठे आहे असे विचारण्याआधी आजी काय करते आहे, असे विचारा.

आपल्याकडच्या अंकलिपीविषयी येथेच लिहिले पाहिजे. कमळ, बदक, सशाची चित्रे ठीकच आहेत, पण औ औताचा, ऐ ऐरणीचा, ई ईडलिंबाची, ही चित्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या गिरवत आलो आहोत. ज्या मुलाच्या घरी औत होते त्याला ते चित्र पाहून शेत आठवत असे. आज पुण्यातल्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाने औत पाहिलेले नसते, ऐरण पाहिलेली नसते, आणि ईडलिंबू तर त्याच्या पालकांनीही क्वचितच पाहिलेले असते. त्याच्यासाठी ते चित्र कशाचेच चित्र नसते. तो 'औ' या अक्षराशेजारचा एक आकार असतो, आणि 'औत' हा त्या आकाराला दिलेला आवाज. मोठे मूल चित्रावरून न पाहिलेल्या वस्तूची कल्पना करू शकते, आणि व्हेल मासा किंवा वाळवंट आपण सगळेच असे शिकलो. पण त्यासाठी चित्र आणि वस्तू यांचे नाते आधी पक्के झालेले असावे लागते, आणि ते नाते पाहिलेल्या, हाताळलेल्या, खाल्लेल्या वस्तूंच्या चित्रांवरच पक्के होते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत चित्रे घरातल्या वस्तूंची असावीत: पोळी, झाडू, चप्पल, बादली, केळे, मांजर. माझा आग्रह असेल तर एवढाच आहे.

'आमच्या लहानपणी कुठे होती पुस्तके' असे घरातील मोठ्यांनी म्हटले तर त्यातही तथ्य आहे, आणि ते झिडकारू नये. टारा कॅलॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कॅनडा, पेरू आणि भारत येथील मुलांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्याची नजर ओळखणे, अनुकरण करणे, मदत करणे यांत पेरू आणि भारतातील खेड्यांतली मुले कॅनडाच्या मुलांच्या जवळपास बरोबरीने होती. चित्रांचा खूण म्हणून वापर करण्यात मात्र ती नंतर पोहोचली, कारण त्यांच्या घरांत चित्रे आणि चित्रांवर बोलणारे मोठे माणूस हा रिवाज कमी होता. टांझानियातील खेड्यांतल्या मुलांबाबतही असेच आढळले. ही बुद्धीची उणीव नव्हे, सवयीची बाब आहे. पालघर जिल्ह्यातील पाड्यांवरच्या बालवाड्यांत मी पाहिले आहे की ज्या मुलाने तीन वर्षांपर्यंत पुस्तक हातात धरलेले नसते ते पहिले आठ-दहा दिवस चित्रांवर हात फिरवते, आणि महिनाभरात इतर मुलांसारखे बोट ठेवून भांडू लागते. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. चित्रात मागे गर्दी असेल तर मोठ्यांनाही ते अवघड जाते. १९७६ च्या सुमारास नेपाळमध्ये युनिसेफच्या सहभागाने झालेल्या पाहणीत खेड्यांतील प्रौढांना मागची पार्श्वभूमी कापून टाकलेली छायाचित्रे पूर्ण छायाचित्रांपेक्षा अधिक चांगली ओळखता आली होती.

त्याच पाड्यांवर मी आणखी एक गोष्ट शिकले. वारली चित्रांत खळे वरून पाहिल्यासारखे गोल असते आणि त्याभोवती फिरणारे बैल बाजूने पाहिल्यासारखे असतात. प्रत्येक वस्तू तिची ओळख सर्वांत स्पष्ट पटेल त्या बाजूने येते. चित्र म्हणजे एका जागी उभ्या माणसाच्या डोळ्याला दिसलेला देखावा, ही चित्र काढण्याच्या अनेक रीतींपैकी एक रीत आहे. नॉर्मन फ्रीमन यांनी १९७२ मध्ये मुलांपुढे कान पलीकडे वळवलेला कप ठेवला, तेव्हा लहान मुलांनी न दिसणारा कान आवर्जून काढला, कारण कान नसला तर तो कप कसा? वारली चित्रकारांची निवड जाणती असते आणि तिच्यामागे परंपरा असते, लहान मुलाची तशी नसते, म्हणून दोन्हींना एका मापाने मोजणे चूक होईल. पण मुलाच्या चित्राला 'चुकले' म्हणण्याआधी ही चित्रे आठवावीत, असे मला वाटते.

मोबाईलविषयी आपण विचारले नाही, तरी बकरीचा प्रसंग त्यातूनच आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार एक वर्षाच्या मुलासाठी पडद्यासमोर बसण्याची शिफारस नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक नको. मला चिंता डोळ्यांइतकीच संवादाची वाटते. पडदा मुलाच्या बोटाकडे पाहत नाही, त्याच्यासाठी थांबत नाही. जॉर्जीन ट्रोसेथ आणि डीलोश यांच्या १९९८ मधील प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना खेळणे लपवताना टीव्हीवर दाखवले तर त्यांना ते सापडत नव्हते, पण तेच दृश्य खिडकीतून पाहत आहोत असा समज झाला तेव्हा सापडले. पुढे ट्रोसेथ यांना २००३ मध्ये आढळले की काही दिवस घरच्या टीव्हीवर स्वतःचे आणि घरच्यांचे त्याच क्षणी घडणारे चित्र पाहिलेली मुले पडद्यावरून मिळालेली माहिती अधिक चांगली वापरू शकतात. म्हणून दूर देशी असलेल्या आजी-आजोबांशी होणारा व्हिडिओ कॉल मी वेगळा मानते. तेथे पडद्यावरचे माणूस मुलाला उत्तर देते. आजीने तिकडे पुस्तक धरावे, इकडे तेच पुस्तक मुलाच्या मांडीवर असावे, आणि दोघांनी एकाच पानावर बोट ठेवावे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरी मी हे सुचवते.

डॉक्टरांना केव्हा विचारावे, हेही सांगते. चित्र उचलू पाहणे किंवा उलटे धरणे हे त्याचे कारण नाही. पण मूल दीड वर्षाचे झाले तरी कशाकडेही बोट दाखवत नसेल, आपण दाखवलेल्या दिशेला पाहत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा चित्र फार जवळ धरून डोळे बारीक करून पाहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकास, ऐकणे आणि पाहणे यांची तपासणी करून घ्यावी आणि त्यात वेळ घालवू नये. आपल्या पत्रावरून यातले काही मला दिसत नाही.

रोज पाच-दहा मिनिटे एकच पुस्तक घेऊन बसलात तरी पुरे. मूल पाने उलटत पुढे पळाले तर पळू द्यावे. त्याला एकाच पानाकडे वीस वेळा परत यायचे असेल तर यावे. पेरूचे पान उघडे ठेवून खरा पेरू शेजारी ठेवा, त्याला दोन्हींना हात लावू द्या, आणि मग खरा पेरू कापून खायला द्या. घरातल्या माणसांची छायाचित्रे एका लहान अल्बमात लावून तो अल्बम त्याच्या हाताला येईल असा ठेवा, कारण या वयात मामाचे छायाचित्र आणि दारात आलेला मामा यांच्याइतकी पक्की जोडी दुसरी नाही. पुन्हा गावी जाल तेव्हा बकरीचे चित्र असलेले पुस्तक बरोबर न्या. आधी बकरीपासून थोड्या अंतरावर उभे राहून तिच्याकडे निवांत पाहू द्या, तिचा वास आणि आवाज त्याच्या ओळखीचा होऊ द्या, आणि संध्याकाळी घरात आल्यावर ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवा. 'हे काय रे?' म्हणून विचारा आणि थांबा.